कविवर्य केशवसुत

जळगाव जिल्ह्यात गिरणा नदीच्या काठी भडगाव नावाचे गाव आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी या गावच्या शाळेत एक अबोल वृत्तीचे शिक्षक मुलांना शिकवीत असत. त्यांचे नाव कृष्णाजी केशव दामले. हेच पुढे केशवसुत या नावाने आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून कीर्तिमान झाले.

केशवसुतांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड या गावी झाला. वडील शाळामास्तर होते. भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची, त्यामुळे काटकसरीची सवय त्यांना लहानपणापासूनच लागली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकून १८८९ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे मुंबईत त्यांनी लहानमोठ्या नोकऱ्या करून संसार चालविला. याच काळात, १८९३ साली, त्यांच्या वडिलांचे छत्र हरपले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ सुरू झाली. आधी घरातील उंदीर मरून पडत. मग माणसांना ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत धडधाकट माणूस दगावे. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत पोहोचवितात, हे तेव्हा लोकांना ठाऊक नव्हते. आज प्लेगवर गुणकारी औषधे आहेत. तेव्हा एकही नव्हते. हजारो लोक शहर सोडून निघाले. त्यांतच केशवसुतही होते. मुंबई सोडून ते खानदेशात आले आणि भडगावच्या शाळेत शिक्षक झाले.

कोकणातील समुद्र आणि माडांच्या बागा कोठे आणि खानदेशातील काळी जमीन व कडक उन्हाळा कोठे! परंतु या परक्या मुलखातही त्यांची लेखणी थांबली नाही. 'सतारीचे बोल' ही त्यांची प्रसिद्ध कविता याच काळातील, १९०० सालची आहे. एका काळोख्या रात्री एक दुःखी मनुष्य रस्त्याने एकटाच हिंडत असतो. त्याच्या मनात इतकी निराशा दाटलेली असते की, डोक्यावरच्या तारकांकडेही त्याचे लक्ष जात नाही. इतक्यात एका खिडकीतून सतारीचे सूर त्याच्या कानी पडतात. प्रथम त्याला त्या सुरांचा रागच येतो. तो खिडकीकडे मूठ उगारतो. पण हळूहळू त्या सुरांत त्याला आपलेच दुःख ऐकू येऊ लागते. त्याचे डोळे भरून येतात आणि आसवांबरोबर मनावरचा भार उतरतो. मग त्याला आकाशातील तारे दिसतात आणि तो शांत मनाने घरी परततो.

या कवितेत दुःखी मनुष्याला कोणी उपदेश करीत नाही, रडू नको असेही म्हणत नाही. त्याचे दुःख कोणीतरी बोलून दाखविते, एवढ्यानेच त्याला धीर येतो. पूर्वीचे पंडित कवी पुराणांतील राजे आणि देव यांच्या कथा सांगत. केशवसुतांनी साध्या माणसाच्या मनातील प्रेम, आठवण, वियोग आणि निराशा यांना कवितेत मानाचे स्थान दिले. चौदा ओळींचे सुनीत त्यांनीच मराठीत आणले. त्यांचे १८९२ सालचे सुनीत मयूरासन आणि ताजमहाल या शहाजहानच्या दोन निर्मितींविषयी आहे. रत्नजडित सिंहासन काळाच्या ओघात नाहीसे झाले. परंतु पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्या आठवणीसाठी बांधलेला ताजमहाल अजून उभा आहे.

भडगावनंतर केशवसुत फैजपूरच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९०४ साली त्यांची धारवाडला बदली झाली. पुढच्या वर्षी ते नातलगांना भेटण्यासाठी हुबळीस गेले. ज्या प्लेगमुळे त्यांनी मुंबई सोडली होती, त्याच प्लेगने त्यांना तेथे गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांना चाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आठच दिवसांनी त्यांच्या पत्नीनेही या जगाचा निरोप घेतला. त्यांच्या तीन लहान मुली आईबापांवाचून पोरक्या झाल्या.

केशवसुतांच्या हयातीत त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले नाही. सुप्रसिद्ध कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली त्या कविता एकत्र करून प्रसिद्ध केल्या. १९९४ साली मालगुंड येथे त्यांचे स्मारकही उभे राहिले.

मुलांनो, मृत्यू कोणालाही टळत नाही. घरातील कोणी गेले म्हणजे मोठी माणसे पुष्कळदा मुलांसमोर त्याविषयी बोलत नाहीत. आपण रडलो तर आईला अधिक वाईट वाटेल, म्हणून मुलेही मुकाट्याने कोपऱ्यात बसतात. अशाने दुःख कमी होत नाही; प्रत्येक जण ते एकट्याने सोसतो, इतकेच. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्या आठवणी एकमेकांना सांगाव्यात, डोळे भरून आले तर येऊ द्यावेत. भडगावच्या त्या शिक्षकाने काळोखात हिंडणाऱ्या माणसाला असेच सतारीचे सूर ऐकविले होते.