जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी

आपण कला शाखेचे विद्यार्थी. दुर्गा भागवत हे नाव आपल्याला नवे नाही. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून आणीबाणीच्या विरोधात निर्भयपणे उभ्या राहणाऱ्या दुर्गाबाई आपण वर्गात ऐकल्या आहेत. पण त्यांना एक धाकटी बहीण होती आणि तिनेही एका मोठ्या दारासमोर तसेच ठाण मांडले होते, हे मला कालपरवापर्यंत ठाऊक नव्हते. ग्रंथालयात दुर्गाबाईंविषयी टिपणे काढताना हे नाव भेटले, आणि टिपणे बाजूलाच राहिली.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. म्हणजे घरात रसायनशास्त्र हा काही परका पाहुणा नव्हता. त्या काळी मुलीने मॅट्रिक होणे हीच केवढी गोष्ट! पण कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. धरली, मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान. १९३३ साली त्या विद्यापीठात पहिल्या आल्या.

जीवरसायनशास्त्र हा विषय आज पदवीच्या वर्गात स्वतंत्रपणे घेता येतो. तेव्हा त्याचा मार्ग रसायनशास्त्रातून जात असे. आधी परीक्षानळी, ब्यूरेट, टायट्रेशन, क्षार ओळखणे. मग दुधात, डाळीत, रक्तात, पानात तेच नियम कसे चालतात ते पाहायचे. दगडामातीचे रसायन आणि जिवाचे रसायन वेगळे नाही, फक्त दुसरे अतोनात गुंतागुंतीचे आहे, एवढे मला आमच्या एका सरांनी मोकळ्या तासाला समजावून सांगितले. हा पुढचा टप्पा गाठायचा म्हणून कमलाबाईंनी वडील आणि काका जिथे शिकले त्याच बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. विद्यापीठात पहिला नंबर, घरातल्या दोन माणसांची तीच संस्था. नकाराचे काही कारणच नव्हते.

नकार आला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाची मान उंचावली होती. पण मुलींना संशोधन झेपत नाही, असे त्यांचे मत होते. येथे लेखणी जरा अडखळते. रामन यांच्या थोरवीविषयी शंका नाही. परंतु प्रकाशाच्या विखुरण्यात जे कोणाला दिसले नाही ते पाहणाऱ्या माणसाला समोरच्या मुलीची गुणपत्रिका दिसू नये, याला काय म्हणावे?

कमलाबाईंनी वडिलांना मध्यस्थी करायला लावून प्रश्न सोडवला नाही. त्या स्वतः बंगलोरला गेल्या आणि रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रहाला बसल्या. गांधीजींचा मार्ग त्या वेळी देशभर माहीत होता. पण प्रयोगशाळेत शिरण्यासाठी तो वापरणाऱ्या त्या पहिल्याच असाव्यात. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. एक वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये! ही शेवटची अट त्यांच्या मनाला फार लागली. तरीही त्यांनी त्या मान्य केल्या.

मी स्वतः बारावीला विज्ञान शाखेत होते. रसायनशास्त्रात गुणही बरे होते. बी.एस्सी.ची प्रात्यक्षिके संध्याकाळपर्यंत चालतात आणि आमच्या गावची शेवटची एस.टी. त्याआधीच सुटते, एवढ्या हिशेबावर घरात बी.ए. ठरले. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. म्हणूनच रात्रीच्या कामाची ती अट वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

बंगलोरला श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये या कामावर मुंबई विद्यापीठाने त्यांना एम.एस्सी. दिली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेथे होती. प्रथम डेरेक रिक्टर आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. विषय होता वनस्पतींची ऊती; हाताशी होता साधा बटाटा. आपण श्वास घेतो तो प्राणवायू पेशीत जाऊन अन्न 'जाळतो' व ऊर्जा मिळते. हे जळणे एकदम भडका उडून होत नाही, टप्प्याटप्प्याने होते, आणि त्या साखळीत सायटोक्रोम सी नावाचे लोहयुक्त प्रथिन इलेक्ट्रॉन एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे पोहोचवते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना दिसले की हे सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असेच काम करते. म्हणजे झाड आणि माणूस, दोघांच्या पेशीतली चूल सारखीच! त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा. सुमारे चौदा महिन्यांत काम आटोपून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. विज्ञानातील पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेत १९३१ सालीच डी.एस्सी. मिळाली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.)

परदेशात राहणे सहज शक्य होते. त्या १९३९ मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईत आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत नव्यानेच सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या.

येथून पुढचे त्यांचे काम मला सर्वांत आवडते, कारण ते आपल्या ताटातले आहे. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक द्रव्याचे काम अडवणारे घटक असतात. त्यांचा अभ्यास त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केला. डाळ नीट शिजवावी असे आपल्या आज्या का सांगत, त्याचे एक उत्तर यात आहे. उष्णतेने हे अडवणारे घटक बरेचसे निकामी होतात. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताड-शिंदीच्या झाडाचा पहाटे उतरवलेला ताजा रस. उन्हे चढली की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. या रसात आणि त्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे व लोह असते, आणि आदिवासी भागातील कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना त्याचा चांगला उपयोग होतो, असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आपल्याकडे शिंदीखालून जाताना लोक दुसरीच चेष्टा करतात, ते सोडून देऊ.

विज्ञान संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले, पण सुमारे चार वर्षे उशिरा. बंगलोरचे ते दार एकदा उघडले म्हणून कायमचे उघडले, असे झाले नव्हते.

सन १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी एक संस्था स्थापन केली. त्या संस्थेच्या कामात कमलाबाई उतरल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या, तिच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत राहिल्या. केंब्रिजची पीएच.डी. झालेल्या बाईंनी बाजारातल्या मालाची काळजी वाहावी, हे काहींना कमीपणाचे वाटेल. आठवड्याच्या बाजारातून पिवळीधमक हळद आणि रंगीत मिठाई घेऊन येणाऱ्या आपल्यासारख्यांना तसे वाटण्याचे कारण नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. थोरल्या दुर्गाबाई त्यांच्यामागे चार वर्षे होत्या.