मृतांच्या नांवाचा खेळ : हॅरी हुडिनी

जादूगाराचा धंदा म्हणजे फसवणुकीचा धंदा, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु जगांतील सर्वांत प्रसिद्ध जादूगार जो हॅरी हुडिनी, त्यानें आपल्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें फसवणुकीशींच झगडण्यांत घालविलीं. मृतांशीं बोलण्याचा खेळ कोठपर्यंत खेळ राहतो आणि कोठें तो अन्याय होतो, हा प्रश्न त्याच्या चरित्रांतून आपल्यापुढें येतो. म्हणून तें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हुडिनीचा जन्म ता. २४ मार्च १८७४ रोजीं हंगेरींतील बुडापेस्ट शहरीं झाला. त्याचें मूळ नांव एरिक वाइस. वडील यहूदी धर्मगुरु होते. मुलगा चार वर्षांचा असतांना हें कुटुंब अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील ॲपलटन गांवीं येऊन राहिलें. पुढें घरांत दारिद्र्य आलें, आणि न्यूयॉर्क शहरीं नेकटायच्या कारखान्यांत या मुलास काम करावें लागलें. रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराचें आत्मचरित्र वाचून तो इतका भारावून गेला कीं, त्याच्याच नांवावरून त्यानें स्वतःस हुडिनी हें नांव घेतलें. १८९२ सालीं वडील वारले. १८९४ सालीं बेस नांवाच्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला, आणि दोघें मिळून जादूचे प्रयोग करूं लागलीं.

आरंभींचे दिवस फार हालाचे गेले. १८९८ सालाच्या सुमारास औषधें विकीत गांवोगांव हिंडणाऱ्या एका मंडळीबरोबर तीं दोघें कॅन्सस प्रांतांत होतीं. गल्ला जमावा म्हणून मृतात्म्यांस बोलावण्याचा प्रयोग लावण्यांत आला. हुडिनी दिवसा स्मशानभूमींत जाऊन थडग्यांवरील नांवें व तारखा टिपून घेई, गांवांतील बातम्या गोळा करी, आणि रात्रीं तीच माहिती परलोकांतून आल्याचें भासवी. प्रेक्षक थक्क होत. परंतु ज्यांच्या घरचें माणूस गेलेलें असे, ते हा प्रकार करमणूक म्हणून पाहत नसत; ते आशेनें कान देऊन ऐकत. त्यानें तो प्रयोग सोडून दिला, आणि आपण त्या काळीं केलें तें गुन्ह्याच्या जवळपासचें होतें, अशी कबुली त्यानें पुढें स्वतःच लिहून ठेविली.

१८९९ सालीं मार्टिन बेक या नाट्यव्यवस्थापकानें त्याचे गुण हेरले, आणि १९०० पासून युरोपांतही त्याची कीर्ति पसरली. हातकड्या, कुलूपबंद पेट्या, पाण्यानें भरलेली कांचेची कोठडी, अशा नाना बंधनांतून तो सुटून दाखवी. परंतु आपल्या अंगीं दैवी शक्ति आहे असें भासवून त्यानें ही कीर्ति मिळविली नाहीं. हें सर्व युक्तीचें, मेहनतीचें व सरावाचें फळ आहे, असेंच तो सांगे.

१९१३ च्या जुलै महिन्यांत तो कोपनहेगन येथें असतां आई वारल्याची तार आली. या आघातांतून तो पुरता कधींच सावरला नाहीं. पुढें १९२० सालीं शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे सर आर्थर कॉनन डॉइल यांच्याशीं त्याचा स्नेह जडला. डॉइलसाहेबांचा तरुण मुलगा १९१८ सालीं मरण पावला होता, व मृतांशीं बोलतां येतें यावर त्यांची दृढ श्रद्धा होती. १९२२ सालीं अटलांटिक सिटी येथें त्यांच्या पत्नीनें हुडिनीच्या आईचा म्हणून एक लांबलचक संदेश आपल्या हातानें लिहिला. आरंभीं क्रुसाची खूण, आणि मजकूर सारा इंग्रजींत! आई तर यहूदी धर्मगुरूची पत्नी, आणि तिला इंग्रजी बोलतां येत नसे. डॉइल पतिपत्नी लबाड आहेत असें हुडिनीस वाटलें नाहीं. पण ज्या आईस तो देवासमान मानी, तिच्या तोंडीं परक्यांनीं आपले शब्द घातले होते, आणि हे शब्द माझे नव्हेत असें सांगण्यास ती बिचारी येऊं शकत नव्हती.

हीच गोष्ट त्याच्या जिव्हारीं लागली. तो वेष पालटून प्लँचेटवाल्यांच्या अंधाऱ्या बैठकींत जाई आणि त्यांच्या लबाड्या उघड करी. सायंटिफिक अमेरिकन या मासिकानें अस्सल चमत्कार दाखविणारास २,५०० डॉलरांचें बक्षीस लाविलें होतें. त्याच्या परीक्षक मंडळांत तो होता, व १९२४ सालीं बोस्टनच्या मार्जरी नांवाच्या बाईची परीक्षा त्यानें कसोशीनें घेतली. बक्षीस कोणासही मिळालें नाहीं. १९२६ सालीं पैसे घेऊन भविष्य सांगण्यास वॉशिंग्टन शहरांत बंदी व्हावी, म्हणून त्यानें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें साक्ष दिली. परंतु तो कायदा संमत झाला नाहीं. त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं, आंत्रपुच्छ फुटून झालेल्या विकारानें, डेट्रॉइट शहरीं तो मरण पावला. त्याचें वय अवघें बावन्न होतें. शक्य झाल्यास परत येऊन खुणेचे शब्द सांगावयाचे, असा पतिपत्नींचा करार होता. बरोबर दहा वर्षांनीं बेसनें शेवटची बैठक भरविली. कोणीही आलें नाहीं, आणि तिनें त्याच्या तसबिरीजवळील दिवा मालविला.

योगायोग असा कीं, हुडिनीच्या जन्मानंतर शंभर वर्षांनीं, १९७४ सालीं, अमेरिकेंतच डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला. त्यांत मुलें टेबलाभोंवतीं बसून निरनिराळ्या पात्रांचीं सोंगें घेतात, आणि एखादें पात्र मंत्रबळानें मृतांस उठवून त्यांच्या सांगाड्यांकडून चाकरी करून घेतें. हें ऐकून कित्येक पालकांस काळजी वाटते. हुडिनीचें माप लावलें तर असें दिसतें कीं, जेथें सर्वांस हा खेळ आहे हें ठाऊक असतें आणि कोणाच्या खऱ्या दुःखाचा बाजार होत नाहीं, तेथें दोष नाहीं. तरीही मुलांनीं खेळतां खेळतां एक विचार अवश्य करावा. हा सांगाडा कोणाचा? त्याला विचारलें असतें तर त्यानें होकार दिला असता काय? ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं, त्याच्याकडून काम करून घेणें किंवा त्याच्या तोंडीं आपले शब्द घालणें, हाच या विद्येंतील खरा अन्याय होय. आणि तो करण्यास मंत्रतंत्रांची गरज लागत नाहीं. दुर्बळांच्या, मुक्यांच्या व गैरहजर असलेल्यांच्या बाबतींत तो रोज घडतो. एवढें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं धरिलें, तर या जादूगाराचें चरित्र सांगितल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.