नादस्वरचक्रवर्ती राजरत्नम पिळ्ळै

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. तमिळ मुलखात त्याच दिवशी सरस्वतीपूजन असते. वादक आपली वाद्ये देवीपुढे ठेवतात आणि विजयादशमीची पूजा आटोपल्यावरच ती पुन्हा हाती घेतात. वाद्याला देवतेचा मान देणाऱ्या समाजाने ते वाजविणाऱ्याला कोणता मान दिला, हा प्रश्न या दिवशी आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही. सतार वाजवील तो वादक, सनई वाजवील तो वाजंत्री. एकाला बैठकीत लोड-तक्क्या, दुसऱ्याला मांडवाच्या दाराशी जागा.

दक्षिणेतील नादस्वरम हे सनईच्याच कुळातले, पण तिच्याहून पुष्कळ लांब व दमदार वाद्य. जुने नाव नागस्वरम; दोन्ही नावे रूढ आहेत. ते वाजविणारास ‘मेळक्कारर’, म्हणजे मेळातला, ताफ्यातला माणूस म्हणत. शब्द मुळात वाईट नाही. परंतु तो ज्या स्वरात उच्चारला जाई, त्यात सारे काही येई. उत्सवमूर्तीची स्वारी निघाली की हे कलावंत उघड्या अंगाने, उपरणे कमरेला बांधून, तविलच्या साथीने रात्र-रात्र पुढे चालत. ज्या रागविस्तारासाठी गायकाला मंच मिळे, तोच विस्तार यांनी रस्त्यात उभ्याने करावयाचा!

ही रीत मोडणारे तिरुवावडुतुरै राजरत्नम पिळ्ळै यांचा जन्म २७ ऑगस्ट १८९८ रोजी तिरुमरुगल येथे झाला. तंजावरच्या भोसल्यांची गादी १६७६ पासून १८५५ पर्यंत ज्या प्रांतात नांदली, त्याच कावेरीकाठचा हा मुलूख. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. तिरुवावडुतुरैच्या शैव मठात नादस्वरम वाजविणाऱ्या मामांनी त्यांना वाढविले. आरंभी विख्यात व्हायोलिनवादक तिरुक्कोडिकावल कृष्ण अय्यर यांच्याकडे त्यांनी गाण्याची तालीम घेतली व नंतर नादस्वरम हाती धरले. गळ्याची ही तालीम त्यांच्या वादनात अखेरपर्यंत राहिली. रागालापना हे त्यांचे खरे राज्य, आणि त्यातही तोडी. हा दाक्षिणात्य तोडी आपल्या भैरवीच्या स्वरांचा, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्यांच्या तोडीची ध्वनिमुद्रिका दक्षिणेत घरोघरी पोहोचली.

त्या काळचे ‘तिमिरी’ नादस्वरम आखूड व तार स्वराचे. देवळाच्या प्राकारात ते शोभे, बैठकीत मात्र कर्कश वाटे. नरसिंगपेट्टैचे कारागीर रंगनाथन आचारी यांच्याकरवी राजरत्नम यांनी लांब, खालच्या पट्टीचे ‘पारि’ नादस्वरम घडवून घेतले. मंचावर बसण्याचा हक्क नुसता मागून भागत नाही, वाद्यही बैठकीजोगे व्हावे लागते, हे त्यांनी ओळखले होते असे आम्हांस वाटते. आधारस्वरासाठी ‘ओत्तु’ धरून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जागी त्यांनी श्रुतिपेटी आणली.

वेषातही त्यांनी बंड केले. शेंडी जाऊन केस कापले गेले, उघड्या अंगावर रेशमी सदरा व शेरवानी आली, कानांत हिरे झळकू लागले. गायकाप्रमाणे आपणही मंचावर बसूनच वाजविणार, असा त्यांचा हट्ट असे. स्वतःला ते ‘नादस्वरचक्रवर्ती’ म्हणवीत. याला कोणी अहंकार म्हणेल, आणि तो नव्हता असे आम्हीही म्हणणार नाही. ते खर्चिक होते, मद्याचे व्यसन होते, ठरलेल्या कार्यक्रमाला न जाण्याची त्यांची ख्याती होती. परंतु पिढ्यान्‌पिढ्या खाली पाहून वाजविणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाने नम्रच असावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? १९४० साली ‘कवी काळमेगम’ या चित्रपटात नायकाची भूमिकाही त्यांनी केली.

१४ ऑगस्ट १९४७ रोजी तिरुवावडुतुरै मठाने पाठविलेला राजदंड दिल्लीत पंडित नेहरूंना अर्पण करण्यात आला, तेव्हा राजरत्नम यांचे नादस्वरम वाजले. तो राजदंड २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनात बसविला गेला आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले. वाजविणाऱ्याचे नाव त्यात क्वचितच आले.

१२ डिसेंबर १९५६ रोजी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. कारुकुरिची अरुणाचलम यांच्यासारखा शिष्य त्यांनी मागे ठेवला. मेळक्कारर समाज विसाव्या शतकात ‘इसै वेळ्ळाळर’ हे नाव धारण करता झाला. ‘इसै’ म्हणजे संगीत. आणि नरसिंगपेट्टैच्या नागस्वराला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे ते आजही ‘आच्चा’ लाकडाचे घडवितात. आपल्याकडे त्याच झाडाला अंजन म्हणतात.