छातीवरील तांबडा क्रूस : संत कामिल्लुस दे लेल्लिस

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली आज परिचारिका आहेत. शिक्षण पुरें करून, छातीवर नवा बिल्ला लावून त्या आशीर्वादासाठीं येतात, तेव्हां आम्हांला आमच्या याजकपणाच्या पहिल्या वर्षांतील एक प्रसंग आठवतो व लाज वाटते. एका क्षयरोग्यास अंत्यसंस्काराचें तैल लावावयास आम्ही गेलों होतों. पण खाटेपासून चार हातांवरच आमचे पाय थबकले. तेथील परिचारिकेनें रोग्याचें डोकें आपल्या हातावर उचलून धरलें, तेव्हां कोठें आम्ही पुढें झालों. तिच्या छातीवरचा तो लहानसा बिल्ला आम्ही विसरलों नाहीं. म्हणून या ज्युबिलीच्या पुस्तिकेसाठीं चरित्र लिहावयाचें ठरतांच, परिचारिकेची परीक्षा वा पदवी अस्तित्वांत येण्यापूर्वीं ज्यांनीं सेवेची खूण छातीवर धारण केली, त्या संत कामिल्लुस यांचें नांव आम्हांला सुचलें.

इटलींतील अब्रुझ्झो प्रांतांत, बुक्कियानिको गांवीं, 25 मे 1550 रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील शिपाईगडी, आई साठीच्या घरांत आलेली. जन्मापूर्वीं आईला स्वप्न पडलें अशी कथा आहे: आपला मुलगा छातीवर तांबडा क्रूस लावून चालला आहे आणि तशाच खुणेचा एक जमाव त्याच्या मागें आहे. पोर दरोडेखोरांचा नायक होणार या भीतीनें ती माउली झुरली. पुढें बरींच वर्षें तिची भीति खरी ठरते कीं काय असें दिसलें. कामिल्लुस व्हेनिसच्या सैन्यांत शिपाई झाले, जुगाराच्या पूर्ण आहारीं गेले, आणि पायाला एक जखम झाली ती जन्मभर भरून आली नाहीं. 1571 सालीं त्या जखमेसाठीं ते रोममध्यें असाध्य रोग्यांच्या सान जाकोमो इस्पितळांत राहिले, सेवकाचें कामहि करूं लागले. परंतु जुगार व भांडणें यांपायीं त्यांना तेथून काढून टाकण्यांत आलें. 1574 सालीं नेपल्सांत फांसे खेळतांना अंगावरचा सदरादेखील गेला. मग पोटासाठीं मानफ्रेदोनिया येथें कापुचिन मठाच्या बांधकामावर ते मजुरीस लागले. तेथेंच 2 फेब्रुवारी 1575 रोजीं, वाटेनें जात असतां, त्यांचें हृदय पालटलें.

कापुचिन संघांत राहण्याची त्यांची फार इच्छा. पण पायाची जखम आड आली. ते पुन्हां सान जाकोमोंत आले आणि ज्या इस्पितळानें हांकलून दिलें होतें त्याचेच व्यवस्थापक झाले. तेथील पगारी सेवकांची हयगय त्यांना बघवेना. 1582 सालीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, केवळ देवाप्रीत्यर्थ सेवा करणाऱ्यांचें एक मंडळ काढावें हा विचार त्यांच्या मनांत आला. 1584 सालीं ते याजक झाले.

18 मार्च 1586 रोजीं पोप सिक्स्तुस पांचवे यांनीं मंडळास मान्यता दिली, व 26 जून रोजीं झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगीहि दिली. तीनच दिवसांनीं, संत पेत्र व संत पौल यांच्या सणादिवशीं, कामिल्लुस व त्यांचे सोबती छातीवर तांबड्या कापडाचा क्रूस लावून संत पेत्राच्या महामंदिरांत गेले. आईचें स्वप्न उलगडलें. तें पाहावयास ती नव्हती. इतर संघांपासून आपले बंधु निराळे ओळखूं यावेत हें त्या खुणेचें एक कारण होतें खरें. पण हा क्रूस लावणारा मनुष्य दुखणेकऱ्यांस विकलेला गुलाम आहे, हा कामिल्लुस यांनीं सांगितलेला अर्थ आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

याची कसोटी लवकरच लागली. 1588 सालीं ते नेपल्सला गेले. पुढें सांथीनें ग्रासलेलीं गलबतें आलीं, त्यांना बंदरांत मज्जाव झाला, तेव्हां हे क्रूसवाले बंधु आपण होऊन त्यांवर चढले. त्यांपैकीं दोघे तेथील संसर्गानें मरण पावले. 8 डिसेंबर 1591 रोजीं नेहमींच्या तीन व्रतांबरोबर चौथें व्रत घेण्यांत आलें: जीव धोक्यांत घालूनहि रोग्यांची सेवा करण्याचें. कामिल्लुस यांची दृष्टि मोठी बारीक. प्राण गेल्यासारखा दिसला तरी पाव तास प्रार्थना चालूं ठेवावी, तोंडावर लागलीच वस्त्र घालूं नये, असा त्यांचा दंडक होता. कारण जिवंतपणींच पुरलीं गेलेलीं माणसें त्यांच्या कानीं आलीं होतीं. 1598 च्या नाताळांत टायबर नदी सान्तो स्पिरितो इस्पितळांत शिरली, तेव्हां त्यांनीं रोग्यांस वरच्या मजल्यावर नेऊन वांचविलें. स्वतःचा पाय चालेनासा होई तेव्हां ते एका खाटेकडून दुसरीकडे रांगत जात.

येथें एक खुलासा केलेला बरा. जिनिव्हाच्या रेड क्रॉस संस्थेचें चिन्ह, 1864 सालचें, आपल्या संतापासून घेतलें असें कांहीं भाविक सांगतात; तें खरें नव्हे, स्विस निशाणाचे रंग उलटे केले कीं तें होतें. राणी व्हिक्टोरिया यांनीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना 1855 सालीं दिलेल्या रत्नजडित पदकावर तांबडा क्रूस आहे, तोहि संत जॉर्ज यांचा. 1860 सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत नाइटिंगेलबाईंची शाळा निघाली. पुढें जागोजागच्या इस्पितळांच्या शाळा शिकून बाहेर पडणाऱ्यांस आपापल्या खुणेचे बिल्ले देऊं लागल्या. 1919 च्या कायद्यानें इंग्लंडांत परिचारिकांची सरकारी नोंद सुरू झाली. हा बिल्ला शिक्षणाचा पुरावा होय, आणि तो हवाच. अडाणी हातांनीं झालेली हानि कामिल्लुस यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. मात्र त्यांचा क्रूस झालेल्या श्रमाचें बक्षीस नव्हता, तर पुढील श्रमाचें वचन होता.

14 जुलै 1614 रोजीं रोममध्यें त्यांनीं देह ठेविला. पोप बेनेदिक्त चौदावे यांनीं त्यांना 29 जून 1746 रोजीं संतपद दिलें. क्रूस लावून ते महामंदिरांत गेले त्यास त्या दिवशीं बरोबर 160 वर्षें झालीं होतीं. 1886 सालीं पोप लिओ तेरावे यांनीं त्यांना रोग्यांचे व इस्पितळांचे, आणि 1930 सालीं पोप पायस अकरावे यांनीं परिचारक-परिचारिकांचे आश्रयदाते नेमिलें. दोन्ही वेळां त्यांच्या जोडीस संत योहान दे देव यांचें नांव आहे. त्यांचें चरित्रहि आपल्या मुलींनीं अवश्य वाचावें.