अल्बेरुनी : दरबारात पृथ्वीची बाजू मांडणारा

गझनीच्या दरबारात एकदा दूरच्या तुर्की मुलखातून एक दूत आला. समुद्रापलीकडे ध्रुवाच्या बाजूला आपण असा प्रदेश पाहिला, की तिथे सूर्य मावळत नाही, जमिनीच्या वर गोल फिरत राहतो आणि रात्र होतच नाही, असे त्याने सांगितले. सुलतान महमूद संतापला. सूर्याच्या चालीवर नमाजेच्या वेळा ठरतात, रोजा सुटतो. मग रात्रच नसलेला मुलूख कसा असेल? त्याला ही धर्मबाह्य बडबड वाटली. महमूदच्या दरबारात असा आरोप येणे म्हणजे जिवाशी गाठ.

तेव्हा अबू नस्र मिश्कान हे दरबारी मध्ये पडले. हा माणूस मत मांडत नाही, डोळ्यांनी पाहिलेले सांगतो आहे, असे त्यांनी सुलतानाला समजावले. सुलतान मग अबू रैहान अल्बेरुनीकडे वळला. पृथ्वी सपाट असती तर दूत खोटा ठरला असता. अल्बेरुनीने थोडक्यात उलगडा केला. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे उत्तरेकडे जावे तसा उन्हाळ्यातला दिवस लांबत जातो आणि ध्रुवाजवळ सूर्य मावळायचाच थांबतो. चरित्रकार याकूत यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

अल्बेरुनीचा जन्म इ. स. ९७३ चा, ख्वारिझममधील काथचा. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. राजघराण्यातले गणिती अबू नस्र मन्सूर हे त्याचे उस्ताद. वयाच्या विशीतच राज्य उलथले आणि त्याला घरदार सोडून पळावे लागले. तरीही आकाशाकडे पाहणे सुटले नाही. ९९७ साली त्याने काथमधून आणि अबुल वफा यांनी बगदादमधून एकच चंद्रग्रहण पाहिले. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते, पण दोन्ही शहरांतल्या स्थानिक वेळेत सुमारे तासाभराचा फरक निघाला. दोन गावांमधले पूर्व-पश्चिम अंतर त्यावरून काढता आले. सपाट जमिनीवर हा हिशेब बसत नाही.

१०१७ मध्ये महमूदने ख्वारिझम जिंकले आणि तिथल्या विद्वानांबरोबर अल्बेरुनीलाही गझनीला नेले. तो पाहुणा नव्हता, जवळजवळ बंदीच होता. पण याच सक्तीच्या मुक्कामात त्याला हिंदुस्थानाची वाट सापडली.

झेलम परिसरातल्या मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे. आज तो पाकिस्तानात आहे. किल्ल्यासमोर लांबच लांब सपाट मैदान. त्याआधी बगदादच्या खलिफा मामूनच्या काळात ज्योतिषांच्या तुकड्या वाळवंटात दोऱ्या घेऊन मैलोगणती चालल्या होत्या आणि एका अंशाचे अंतर सुमारे ५६⅔ मैल भरते, असा हिशेब त्यांनी दिला होता. तशा मोजणीला माणसे आणि पैसा लागतो. अल्बेरुनीकडे यातले काही नव्हते. त्याने डोंगर वापरला.

आधी पायथ्याच्या दोन ठिकाणांहून शिखराचे कोन घेऊन डोंगराची उंची काढली. ती ६५२ हातांच्या थोडी वर भरली. मग माथ्यावर जाऊन क्षितिज पाहिले. ते डोळ्यांच्या समपातळीत दिसत नव्हते, किंचित खाली झुकलेले होते. हा झुकाव भरला अवघा ३४ कला, म्हणजे अंशाच्या निम्म्याहून थोडा अधिक. उंची आणि हा कोन, एवढ्या दोन आकड्यांवरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या हाती आली. एका अंशाला सुमारे ५६ मैल, म्हणजे मामूनच्या ज्योतिषांच्या आकड्याला धरूनच. त्या काळचा हात आजच्या मापात किती धरावा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रीत मात्र अचूक होती. हे सारे त्याने १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात मांडले. त्या ग्रंथाचा एक हेतू गझनीहून किब्ल्याची नेमकी दिशा काढणे हा होता. नमाजेला तोंड कुठे करायचे, हे ठरवण्यासाठीही पृथ्वीचा गोल आकार मान्य करावा लागतो.

हिंदुस्थानात तो संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला. पुराणांतले पृथ्वीचे वर्णन एक आणि ज्योतिषांचे दुसरे, हे त्याने बारकाईने नोंदवले. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त हे पृथ्वीला गोल मानतात आणि ग्रीकांशी त्यांचे जुळते, हेही त्याने मोकळेपणाने लिहिले. ज्या सुलतानाच्या छत्राखाली तो राहत होता, त्याच्या स्वाऱ्यांनी या भूमीची समृद्धी धुळीला मिळवली आणि इथली विद्या दूर निघून गेली, हे लिहायलाही तो कचरला नाही.

स्वधर्मीयांच्या अज्ञानावरही त्याने तितकेच बोट ठेवले. नमाजेच्या वेळा दाखवणारे एक यंत्र त्याने तयार केले, तर त्यावर रोमी महिने कोरलेले आहेत म्हणून एका कर्मठाने ते नाकारले. रोमी लोक जेवतात आणि चालतातही, मग त्या बाबतीतही त्यांच्यासारखे वागू नका, असा टोला अल्बेरुनीने हाणला.

महमूदच्या मागून आलेल्या मसूदला दिवस-रात्र लहानमोठी का होतात, याची जिज्ञासा होती. खगोलशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ अल्बेरुनीने त्यालाच अर्पण केला. बक्षीस म्हणून हत्तीवर लादून आलेली चांदी त्याने परत पाठवली, असे सांगतात.

१०४८ च्या सुमारास गझनीतच त्याचे निधन झाले. शेवटच्या घटकेला भेटायला आलेल्या एका फकीहला त्याने वारसाहक्काचा एक मसला विचारला. अशा वेळी कशाला, असे त्या सद्‌गृहस्थाला वाटले. पण हे न जाणता जाण्यापेक्षा जाणून गेलेले बरे, हा त्याचा आग्रह होता. मसला समजावून फकीह बाहेर पडला आणि वाटेतच त्याला घरातला आक्रोश ऐकू आला.

रमजानचे वेळापत्रक आज घराघरात भिंतीवर लागलेले असते. नागपूरला इफ्तार मुंबईच्या आधी वीस ते तीस मिनिटे होते. नागपूरकर खजूर तोंडात घालतो तेव्हा मुंबईकराचा रोजा अजून बाकी असतो. दोघांचाही रोजा तितकाच खरा, कारण दोघांच्या पायाखालची जमीन गोल आहे.