नाल्याच्या अलीकडून : रे. स्टीफन हिस्लॉप ह्यांचे चरित्र

खेड्यावरून नागपुरास आलेला मनुष्य बहुधा गांधीबागेच्या कापडबाजारात एक फेरी घालतोच. तेथून महालाकडे वळले की भोसल्यांचे जुने शहर लागते. भोसल्यांच्या ह्या राजधानीत इ. स. १८४५ च्या फेब्रुवारी महिन्यात सत्तावीस वर्षांचे एक स्कॉच पाळक येऊन पोहोचले. रे. स्टीफन हिस्लॉप हे त्यांचे नाव. त्यांच्या चरित्रातून आमच्या गावोगावच्या बंधुभगिनींस जो बोध मिळण्यासारखा आहे, तो आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

हिस्लॉप साहेबांचा जन्म ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स ह्या गावी झाला. १८४३ साली तेथील पुष्कळ पाळक, मंडळीवर राजसत्तेचा अधिकार नसून ख्रिस्ताचाच आहे असे मानून, आपली वेतने व राहती घरे सोडून बाहेर पडले. त्यांनी फ्री चर्च ही मंडळी स्थापिली आणि तीतच हिस्लॉप साहेब सामील झाले. न दिसणाऱ्या राजावर भरवसा ठेवण्याचा हा त्यांचा पहिला धडा होय.

नागपूरच्या कामाचा आरंभही दृष्टीस उत्साहजनक नव्हता. काही जर्मन सुवार्तिक गोंड लोकांत काम करण्याकरिता अमरकंटकाच्या बाजूस गेले होते. १८४२ साली त्यांतील बहुतेक पटकीने मृत्यू पावले व उरलेले कामठीस परतले. पुढे मद्रास पलटणीतील कॅप्टन हिल ह्यांनी मोठी देणगी दिली, आणि त्या बळावर हिस्लॉप साहेबांस पाठविण्यात आले. त्यांनी मराठी भाषा आत्मसात केली, शाळा काढली, खेड्यांतून प्रवास करून सुवार्ता सांगितली. १८४७ साली रे. रॉबर्ट हंटर हे सोबतीस आले, परंतु प्रकृती ढासळल्यामुळे १८५५ साली त्यांस मायदेशी परत जावे लागले. इतके श्रम होऊनही बाप्तिस्मा घेणारे थोडकेच निघाले.

हिस्लॉप साहेबांची नजर मोठी शोधक होती. प्रवासात ते खडक फोडून पाहत. नागपूरजवळच्या टाकळीच्या दगडांत त्यांस व हंटर साहेबांस प्राचीन काळचे शिंपले व वनस्पतींचे अवशेष सापडले. गोंडांची भाषा व चालीरीती ह्यांविषयी त्यांनी परिश्रमपूर्वक टिपणे केली. ती त्यांच्या मागे १८६६ साली छापून निघाली.

त्यांचा अंत अकस्मात झाला. १८६३ च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी टेंपल साहेब ह्यांच्याबरोबर ते नागपूरच्या दक्षिणेस, बोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळे पाहण्यास गेले. ता. ४ रोजी परत येताना ते एकटेच घोड्यावर होते. पावसाने नाला भरला होता. घोडा मुक्कामी आला, स्वार आला नाही. शोध केल्यावर पाण्यात त्यांचे प्रेत सापडले. शेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास चारच दिवस उरले होते.

पावसाळ्यात नाले ओलांडून दुसऱ्या गावी उपासना चालविण्यास जाणाऱ्या आमच्या उपदेशकांस हा वृत्तांत वाचून काय वाटेल, हे आम्ही जाणतो. देव पाहत होता, तर त्याने हात का दिला नाही?

ह्यावर कित्येकजण असे उत्तर देतात की, पुढे १८८३ साली त्यांच्या शाळेतून महाविद्यालय उभे राहिले, त्यास त्यांचेच नाव मिळाले, सबब त्यांचे मरण व्यर्थ गेले नाही. हिस्लॉप कॉलेज खरोखर मोठे फळ आहे, आणि आम्ही त्याबद्दल देवाचे उपकार मानतो. पण ते त्या मरणाचे मोल म्हणून दाखविणे आम्हांस उचित वाटत नाही. ज्या उपदेशकाच्या नावाची शाळा नाही, ज्याच्या कबरेवर दगडही नाही, त्याचे काय? प्रभू त्याच्याबरोबर नव्हता काय? दिसणाऱ्या फळावरून देवाची सोबत मोजू लागलो, तर ज्या वर्षी फळ नाही त्या वर्षी विश्वासही उरणार नाही.

नाला का भरला, ह्याचे उत्तर नाल्याच्या अलीकडे आम्हांस मिळालेले नाही. परंतु हिस्लॉप साहेबांनी अठरा वर्षे, सोबती गेल्यावर आणि फळ थोडे असताही, जे काम केले ते उत्तर हाती आहे म्हणून नव्हे, तर धनी जवळ आहे म्हणून केले. मोशेनेही वचनाचा देश डोंगरावरूनच पाहिला, त्यात त्याचा पाय पडला नाही. तरी देवाने त्यास सोडले नव्हते.

प्रिय बंधूंनो, पूर असेल तेव्हा काठावर थांबा. देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे. पण उपासनेस दोनच घरची माणसे आली म्हणून, किंवा प्रार्थना करूनही आजारी लेकरू हाती लागले नाही म्हणून, आपण एकटे आहो असे मानू नका. जो दिसत नाही तोच राज्य करीत आहे, आणि ज्या वाटेने तो आपणांस पाठवितो त्या वाटेवर तो आपल्या आधी गेलेला असतो.