पिसांच्या चेंडूचा कारागीर

गोल्फशी माझा संबंध फक्त टीव्हीपुरता. पण गेल्या वर्षी अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा तो मला गोल्फच्या साहित्याच्या दुकानात घेऊन गेला. तिथे एका खोलीत त्याने पडद्यावर चेंडू टोलवला. चेंडू पडद्याला आपटून खाली पडला. पण शेजारच्या यंत्राने त्याचा वेग, उडण्याचा कोन, स्वतःभोवतीच्या गिरक्या असे सारे क्षणात मोजले आणि मोकळ्या मैदानात तो किती यार्ड गेला असता तेही दाखवले. त्या आकड्यांवरून विक्रेत्याने कोणता क्लब घ्यावा ते सांगितले. मला मात्र त्या लखलखाटात पांढऱ्या दाढीचा एक स्कॉटिश म्हातारा आठवत राहिला. त्याचे नाव टॉम मॉरिस.

टॉमचा जन्म 1821 सालचा, सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावातला. लहान वयातच तो अ‍ॅलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूकडे चेंडू करायला शिकू लागला. त्या काळी चेंडू पिसांचा असे. चामड्याच्या ओल्या पिशवीत उकडलेली पिसे दाबून दाबून भरायची आणि ती शिवायची. वाळताना पिसे फुगत, चामडे आकसे आणि चेंडू दगडासारखा टणक होई. दिवसभर राबून मोजकेच चेंडू तयार होत. साहजिकच ते महाग पडत. त्यात पावसात भिजले की बिघडत.

1848 च्या सुमारास गटापर्चा आला. मलायातल्या झाडांचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला की घट्ट. हिंदुस्थानच्या वाटेने विष्णूची मूर्ती सेंट अँड्र्यूजला आली, तिच्याभोवती हा चीक गुंडाळलेला होता आणि त्यातूनच पहिला चेंडू झाला, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, नवा चेंडू स्वस्त होता आणि फुटला तर वितळवून पुन्हा करता येई. रॉबर्टसनला त्यात आपल्या पोटावरचा पाय दिसला. एके दिवशी टॉमने खेळताना कुणाकडून तरी मागून घेतलेला गटापर्चाचा चेंडू वापरला. ते गुरूच्या कानावर गेले. दोघांत बिनसले आणि टॉमने स्वतःचे दुकान थाटले. 1851 मध्ये तो प्रेस्टविकला मैदान सांभाळायला गेला. पुढे रॉबर्टसनही गटापर्चाचेच चेंडू करू लागला!

या नव्या चेंडूची एक गंमत होती. तो गुळगुळीत असताना नीट उडत नसे. मार खाऊन ओरखडे पडले की दूर जाई. म्हणून कारागीर हातोडीने त्यावर मुद्दाम खुणा पाडू लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे त्याच अनुभवाचे वंशज. खळग्यांमुळे हवा चेंडूला अधिक वेळ लगटून राहते आणि मागे ओढणारा जोर कमी होतो, हे शास्त्र नंतर समजले. अनुभव आधी आला.

1860 च्या पहिल्या ओपन स्पर्धेत टॉम दुसरा आला. 1861, 1862, 1864 आणि 1867 मध्ये त्याने ती जिंकली. शेवटच्या विजयाच्या वेळी तो 46 वर्षांचा होता; ओपन जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू हा त्याचा विक्रम अजून अबाधित आहे. 1868 मध्ये त्याचाच 17 वर्षांचा मुलगा टॉमी पहिला आला आणि दुसरा क्रमांक बापाचा. यापेक्षा मोठे सुख कोणते?

सप्टेंबर 1875 मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला एका सामन्यात खेळत असताना टॉमीची बायको बाळंतपणात अत्यवस्थ असल्याची तार आली. खाडी ओलांडून घरी पोहोचेपर्यंत ती आणि बाळ दोघेही गेले होते. टॉमी त्यातून सावरलाच नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, 24 व्या वर्षी, तोही गेला. म्हाताऱ्या टॉमने मात्र मैदानाची हिरवळ जपण्याचे काम सोडले नाही. तिच्यावर वाळू पसरण्याची त्याची पद्धत आजही पाळली जाते.

1902 मध्ये रबराचे धागे गुंडाळलेला हॅस्केल चेंडू वापरून सँडी हर्डने ओपन जिंकली. टॉमने एकाच आयुष्यात असे तीन चेंडू पाहिले. 1908 मध्ये जिन्यावरून पडून तो गेला, तेव्हा 87 व्या वाढदिवसाला काही आठवडेच उरले होते.

आज क्लबचे डोके संगणकावर आखले जाते, चेंडूची गिरकी रडार मोजते. चेंडू इतके दूर जाऊ लागले, की 2023 मध्ये खेळाच्या नियामक संस्थांनीच त्यांच्या पल्ल्याला आवर घालण्याचे जाहीर केले. गुरुशिष्याचा तो जुना तंटा जणू उलटा फिरून आला. भाच्याने विचारले, मामा, तुम्हीही एक फटका मारून बघता का? मी मारला. यंत्राने माझी सारी फजिती आकड्यांत मांडली. भाचा हसत होता, मीही हसलो. पण परतताना मनात होती ती ओल्या चामड्यात पिसे कोंबणाऱ्या एका पोराची बोटे.